उंदरानं खाल्लेला मंगळ

"मंगळाचं आता सगळं बाहेर येनार," असं मामंजी म्हनालं आन् माझ्या हातातनं कपबशी पडली. बशी फुटली, कपाचा कान गेला, च्या मामंजींच्या पायावर उडाला. मामंजी म्हंजी माझं सासरं, मिल्ट्रीतनं हवालदार म्हनून रिटायर झालेलं. रोज सकाळी सोप्यात, म्हंजी पुढच्या पडवीत, बसून रेडिओच्या बातम्या ऐकायच्या आन् त्यातलं एक वाक्य घराला मोठ्यानं सांगायचं, असा त्येंचा रिवाज. एरवी उसाचं न्हाई तर पावसाचं असायचं. त्या दिवशी मंगळाचं निघालं.

जाऊबाई आतनं वरडली, "काय गं धाकटे, मंगळाचं नाव काढल्यावर तुझं हात कशापायी कापत्यात?"

ती नुसती बोलून गेली आसंल. जाऊबाईला काय बी बोलायला काय लागत न्हाई. पर मला वाटलं, कळलं. हिला कळलं, मामंजींना कळलं, आन् आता रेडिओवरनं सांगत्यात म्हंजी सगळ्या कराड तालुक्याला कळलं. मी खापऱ्या येचत खाली बसले ती उठंनाच.

आता मला ठावं हाय की त्या सकाळी अमेरिकेचं यान मंगळावर उतरल्याची बातमी व्हती. शहात्तर सालचा पावसाळा त्यो. त्या यानाला लांब हात व्हता म्हनं आन् त्यो मंगळाची माती उकरून बघनार व्हता, तितं काय जित्तं हाय का. पर तवा मी च्या घिऊन चुलीपास्नं येत व्हते, मला एवढंच ऐकू आलं, मंगळाचं सगळं बाहेर येनार.

मला मंगळ हाय. हे मी पैल्यांदाच कागदावर लिवते हाय, आन् लिवताना बी मागं कोन उभं न्हाई ना ते बघते. माझ्या पत्रिकेत सातव्या घरात 'मं' लिवलाय, आन् वरचं टिंब तांबड्या शाईनं दिलंय. सातवं घर नवऱ्याचं. मंगळ तितं बसला की नवऱ्याच्या जिवाला धोका, असं आमच्या पलूसकडच्या जोशानं माझ्या बाला सांगितलं व्हतं. दोन ठिकानचं पावनं पत्रिका बघून च्या बी न घेता उठलं. तिसऱ्या खेपेला ही मानसं आली, मलकापूरपासनं तासाभराच्या वाटंवरची, पोरगा मिल्ट्रीत, घरची ऊस जमीन. तवा माझा चुलता बाच्या कानात म्हनाला, "पत्रिका हाय म्हनायचंच न्हाई. उंदरानं खाल्ली म्हन."

आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, इचारलं, "पत्रिका?"

बा म्हनाला, "कणगीवर ठिवली व्हती. उंदरानं खाल्ली."

आत्याबाईंनी बाकडं बघितलं, मग माझ्याकडं लय येळ बघितलं. मग म्हनाल्या, "आमच्याकडं बी उंदीर लय झाल्यात. नावावरनं बघू."

नावावरनं गुन जुळलं, लगीन झालं. पर पत्रिका काय उंदरानं खाल्ली न्हवती. आईला ती जाळवंना. पत्रिका जाळली की ज्येची हाय त्येचं आयुष्य जळतं, असं ती म्हनायची. तिनं माझ्या ट्रंकंत तळाला वर्तमानपत्राचा कागद घातला आन् त्येच्याखाली पत्रिका घडी करून सरकवली. म्हनाली, "कुनाला हात लावू दिऊ नगंस." म्हंजी मी मंगळ बरुबर घिऊन सासरी आले, ट्रंकंत, लुगड्यांच्या खाली.

आन् नवरा मिल्ट्रीत, वर सरहद्दीला. कुनाचा बी नवरा शेतात जातो, सांजच्याला घरी येतो. माझ्या नवऱ्याचा जीव पोष्टाच्या पाकिटात. पत्र आलं म्हंजी पत्र लिवलं त्या दिवसापातूर त्यो जित्ता व्हता, एवढंच कळायचं. पत्राला यायला आठ-धा दिवस लागायचं, त्या आठ-धा दिवसांचं काय? ते माझं मी मनात भरून काढायचे. टपालवाला कोपऱ्यावर दिसला की आदी त्येच्या तोंडाकडं बघायचे. हसला तर वाटायचं, एवढा कशापायी हसतोय? न्हाई हसला तर दारातनं आत पळायचे.

त्या सकाळपास्नं मी घरात चोरावानी वागाय लागले. जो बोलंल त्येच्या बोलन्यात माझंच काय हाय का, ते हुडकाय लागले. मामंजी म्हनालं, "मंगळ तांबडा हाय, अगदी तांबडा," तर मी माझं तांबडं लुगडं पेटाऱ्यात ठिवून दिलं. जाऊबाईनं इचारलं, "धाकटे, मंगळवारचा उपास कुठल्या देवाचा गं धरतीस?" मी म्हटलं, "गनपतीचा." ती म्हनाली, "गनपतीला चतुर्थी असती की. का त्यो तुझ्यासाठी दर आठवड्याला येतोय?" आन् हसली. मला हसू येईना. मी कवाधरनं उपास करायचे त्यो मंगळासाठीच. तेवढ्यानं त्यो ऱ्हाईल गप, असं वाटायचं.

मग मी ट्रंकंला सूत बांधलं. कापसाचं, डोळ्याला दिसायचं न्हाई असं बारीक, कडीपास्नं कोयंड्यापातूर. सकाळ-सांजंला बघायचं. सूत जाग्यावर हाय म्हंजी अजून कुनी हुडकलं न्हाई. पोरगी पाळण्यात रडाय लागली तरी आदी सूत बघून मग तिला घ्यायचे. माझी मला लाज वाटायची. पर बघायचेच.

यानाचं खरं काय ते मला कळलं त्याला आठवडा लागला असंल. मामंजी मलकापूरला दाढीला गेलं आन् येताना न्हाव्याकडचा जुना पेपर मागून घिऊन आलं. त्यात फोटू व्हता. सोप्यात चार मानसं जमली. मी दाराआड मांडीवर पोरगी घिऊन बसले व्हते.

"हे बगा. मंगळ," मामंजी म्हनालं.

शेजारच्या तात्यांनी पेपर डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. "आवं हवालदार, ह्यो तर म्हसवडचा माळ हाय."

"कसला म्हसवडचा?"

"धोंडं बगा की. माझ्या लेकीचं सासर हाय तितं. हितनं यष्टीनं जातोय मी. ही दरड, ह्यो धोंडा, समदं वळकीचं हाय."

दुसरा म्हनाला, "चुकून मानदेशात उतरलं असंल. त्यास्नी काय कळतंय, वरनं समदं तांबडंच दिसतं."

"मग बोअर मारून द्या म्हनावं त्यास्नी, आल्यासारखं!"

सगळे लय हसले. मामंजी तापलं. "चेष्टा करता का रं? सायन्स हाय ते. मी वायरलेसवर काम केलंय, मला ठावं हाय. हितनं बोललेलं तितं ऐकू येतं म्हंजी तितनं फोटू येनार न्हाई व्हय?"

"ऐकू येतंय वो, पर खरं येतंय का?" तात्या म्हनालं. "फोटू कुनी बी काढतंय. माझ्या पुतन्यानं मोटारसायकलवर बसून काढलाय. मोटारसायकल फोटूवाल्याची, लाकडाची."

मला तात्यांचं पटलं. मला कुनाचं बी खोटं हाय असं सांगितलं की लगीच पटतं. मी स्वता खोट्यावर आलेली.

पर पेपर माझ्या हाती आला तवा मी बी बघितलं. आन् खरंच, माळच व्हता. माझं आजोळ आटपाडीकडं. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सुटली, सातवी माझी अर्धीच ऱ्हायली, आन् आईबरुबर त्या माळावर खडी फोडाय गेले. तसंच धोंडं, तसाच उजाड, आभाळापातूर झाड न्हाई. ह्यो माझा मंगळ? ज्येला भिऊन मी दोन वर्सं उपास केलं, त्यो ह्यो असा, धोंड्यांचा, उनाचा? मला आजून भ्याव वाटत व्हतं, पर त्यात आता दुसरं बी काय तरी मिसळलं. वळक.

मामंजी सांगत व्हतं, "तितली माती त्येनी डब्यात घेतली. तिला पानी दिलं, सूप का कायसं दिलं. मातीत जीव असंल तर ती खाईल, आन् खाल्लं तर श्वास सोडंल. त्यो श्वास मोजायचा. असं कळतंय जीव हाय का न्हाई."

मी दाराआड पोरीला घट्ट धरलं.

कारन आमच्या घरात हे झालं व्हतं. बाळंतपनाला मी नवव्या महिन्यात माहेरी जायची व्हते. पर पोरगी आठव्यातच आली, हितंच, ह्याच घरात, सुईन पोचायच्या आदी. आली ती रडलीच न्हाई. निळी, मुठीएवढी. मी बघितलं तर जाऊबाईनं तोंडाला पदर लावलेला. आत्याबाईंनी पोरीला घेतलं, तोंडातनं बोट फिरवलं, पाठ चोळली, पाय चोळलं. मग वातीच्या कापसातनं एक सूत वडलं आन् तिच्या नाकापाशी धरलं. कुनी श्वास घेईना. आत्याबाई त्या सुताकडं बघत ऱ्हायल्या, मी आत्याबाईंकडं. पलीकडच्या सोप्यात रेडिओ चालूच व्हता, कुनाला बंद करायचं ध्यान न्हवतं. आन् मग सूत हाललं. अगदी जरा. आत्याबाई म्हनाल्या, "जीव हाय." मग कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध, दर घटकंला, आन् परत सूत नाकापाशी. आठ दिवस त्येनी पोरीला खाली ठिवलं न्हाई.

म्हनून मामंजींनी मातीचं सांगितलं तवा बाकीचे हसत व्हते, मला हसू आलं न्हाई. असंच बघत्यात. आदी खायला घालायचं, मग श्वास बघायचा.

पुढच्या दिवसांत मामंजींची बातमी रोज फिराय लागली. एक दिस म्हनालं, "मातीनं श्वास सोडला! जीव हाय!" दोन दिवसांनी म्हनालं, "न्हाई, त्येंचं त्येंच्यातच पटंना. एक यंत्र म्हनतंय हाय, दुसरं म्हनतंय मातीत मेलेल्या किड्याएवढं बी काय न्हाई." जाऊबाई म्हनाली, "एवढ्या लांब जाऊन एवढं बी कळंना व्हय? आमच्या धाकटीला पाठवा, ती दाराआडनं समदं ऐकती."

मी ऐकलं आन् तोंडातनं निसटून गेलं, "धोंड्याखाली बघितलं का त्येनी?"

मामंजी माझ्याकडं वळलं. सासऱ्यापुढं आसं मी कवा बोलले न्हवते. "काय म्हनालीस सूनबाई?"

आता बोललेच व्हते. "खडीच्या कामावर माळावर काय बी दिसायचं न्हाई. पर धोंडा उचलला की खाली इंचू असायचा. उनाला भिऊन. वरची माती उकरून काय कळंल? जित्तं असंल ते लपूनच असंल की."

मामंजी म्हनालं, "बरुबर हाय." आन् आत्याबाई, चुलीपाशी व्हत्या, त्या नुसत्या म्हनाल्या, "व्हय. लपूनच असतंय."

असं म्हनून माझ्याकडं बघितलं.

त्याच सांजंला ट्रंकंचं सूत तुटलेलं व्हतं.

मी कडी काढली, लुगडी उपसली, कागद वर केला. पत्रिका व्हती. पर माझी घडी उभी व्हती, आता आडवी झालेली. मी तितंच बसले. कोन? मामंजी बाईच्या ट्रंकंला हात लावनार न्हाईत. मग जाऊबाईच. मी तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले चार दिवस. ती भाकरी थापती तर वाटायचं, काय मनात धरून थापती? एकदा न ऱ्हावून म्हटलं, "जाऊबाई, माझ्या ट्रंकंत काय हुडकत व्हता?"

ती कमरंवर हात ठिवून उभी ऱ्हायली. "तुझ्या ट्रंकंत? काय हाय गं तुझ्या ट्रंकंत, मंगळावरची माती? दोन लुगडी आन् पावडरचा डबा, त्यो बी रिकामा!"

डबा रिकामा हे हिला कसं कळलं? माझा संशय पक्का झाला. मागनं कळलं, पावडर तिनंच संपवली व्हती, लय आदी, मी माहेरी असताना. पर तवा मला पावडर सुचली न्हाई, पत्रिकाच सुचली.

आन् पत्र येईना. गौरी-गनपती झालं, पत्र न्हाई. पितरपाट गेला, पत्र न्हाई. टपालवाला कोपऱ्यावरनंच मान हलवायचा, माझ्या दारापातूर यायची बी त्येला गरज वाटायची न्हाई. मामंजी म्हनायचं, "वर बर्फ लवकर पडतंय, टपाल अडकतंय. मी नोकरीत असताना तीन तीन महिनं जायचं." पर ते म्हनताना रेडिओचं बटन उगंच फिरवायचं, ते मी बघितलं. मला वाटायचं, ट्रंकंतनं त्यो बाहेर पडला, घडी मोडली, म्हनून हे.

घटस्थापनंच्या दिवशी आत्याबाई म्हनाल्या, "दसरा झाला की जोशीबुवांना बोलवू. पोरीची पत्रिका करून टाकू. आन् हातासरशी आईबापाचं बी काय असंल ते बघतील."

आईबापाचं बी. माझ्या कानात तेवढंच ऱ्हायलं. जोशी येनार, पोरीच्या पत्रिकंत काय बी निघालं की इचारनार, आईला मंगळ व्हता का? जाऊबाई म्हननार, ट्रंकंत बगा. मग पाच महिनं न आलेलं पत्र कुनामुळं न्हाई आलं, ते समद्यांना कळनार. पाच न्हाई, दीडच महिना झाला व्हता. पर मला पाच वाटायचं. मला पलूसला पाठवतील, आन् पोरीला ठिवून घेतील. तिला कोन दर घटकंला बघनार? आन् मोठी झाली की तिला बी म्हननार, तुझ्या आईनं खोटं बोलून घर बुडवलं.

दोन दिवसांनी, सकाळी, आंघोळीचं पानी तापवाय परड्यातल्या चुलवनाशी गेले तवा मी पत्रिका पदरात घिऊन गेले. आई म्हनली व्हती जाळली की आयुष्य जळतं. जळू दे माझं. मालकांचं ऱ्हाऊ दे, पोरीचं ऱ्हाऊ दे. मी चिपाडं सारली, जाळ झाला, पत्रिका काढली. हात पुढं जाईना. पैल्यांदाच मला तिच्यातलं बाकीचं दिसलं, माझं नाव, आजाचं नाव, आन् माझ्या जन्माची येळ, घटका आन् पळं. कुनी तरी माझ्या जन्माकडं एवढं बारीक बघितलं व्हतं.

मागनं आवाज आला, "धूर कुनाचा करतीस पोरी?"

आत्याबाई. शेंगांची पाटी कमरंवर. मी कागद पदराखाली घेतला.

"झाकू नगंस. सातव्या घरात हाय ना? माझं वाचून झालंय."

मी तितंच चिखलात बसले.

"कवा वाचलं?" मी इचारलं.

"लगीन झाल्यावर दुसऱ्या महिन्यात. उंदीर म्हटल्यावर मला वाटलंच, बघावं तरी कसा उंदीर हाय त्यो." त्येनी पाटी खाली ठिवली, बसल्या, शेंगा फोडाय लागल्या. "आन् मदी परत बघितलं. घरात सारखं मंगळ मंगळ चाललं व्हतं, म्हटलं, हिनं काय येड्यावानी करू ने. ते सूत बांधलेलं मला दिसलं न्हाई, डोळं गेल्यात. तुटल्यावर कळलं."

"मग मला काढून का दिलं न्हाई?"

"काढून दिलं असतं तर माझं उघडं पडलं असतं." शेंग फोडली, दाना तोंडात टाकला. "माझ्या ल्योकाला बी मंगळ हाय. चौथ्या घरात. त्येची बी दोन ठिकानी मोडली व्हती. मग आमी बी उंदीर पाळला. दोगांना मंगळ म्हटल्यावर दोष न्हाई लागत, जोशीच सांगत्यात."

चुलवनातला जाळ इझत आला, कुनी चिपाड सारलं न्हाई. म्हंजी दोन वर्सं मी एकटीच भित व्हते आन् ह्यास्नी ठावं व्हतं.

"दोन वर्सं झाली आत्याबाई. मला एकदा बी सांगितलं न्हाई?"

"तू मला सांगितलंस?"

एक इचारायचं ऱ्हायलं व्हतं, आन् मला गप बसवंना. "मालकांची पत्रिका कुटं हाय? मला बघायची हाय."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. शेंग फोडत म्हनाल्या, "ती खरंच उंदरानं खाल्ली."

तवापास्नं आजपातूर मी त्या वाक्याचा इचार करते. आत्याबाई खरं बोलल्या, का मी जाळात हात घालत व्हते म्हनून मला सावरायला बोलल्या? आमच्या कणगीला मी उंदरानं कुरतडल्याच्या खुना बघितल्यात. पर त्या कागदाच्या न्हाईत, पोत्याच्या हायती. मालकांना इचारलं तर ते म्हनत्यात, "मला काय ठावं, आईला इचार." मामंजींना इचारायचं धाडस न्हाई. आत्याबाईंनी त्या सकाळी माझी पत्रिका माझ्या हातातनं घेतली आन् कनवटीला लावली. ती कुटं हाय इचारलं की त्या म्हनत्यात, उंदरानं खाल्ली. आन् हसत्यात. मला वाटतं ती त्येंच्यापाशीच हाय. कशापायी ठिवली हाय ते मला कळत न्हाई. कवा वाटतं, माझ्यासाठी. कवा वाटतं, माझ्यावर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पत्र आलं. दोन पत्रं एकदम आली, एक भिजून वाळलेलं. मालक ठीक व्हते. लिवलं व्हतं, हितं बर्फ पडाय लागलंय, पोरीला दात आलं का, अप्पांच्या, म्हंजी मामंजींच्या, रेडिओचं सेल संपलं असतील तर आनवून द्या. मी ते भिजलेलं पत्र आदी वाचलं, तारीख बघितली, मग दुसऱ्याची बघितली. मग दिवस मोजलं. अजून बी मोजते.

जोशीबुवा दसरा झाल्यावर आठवड्यानं आलं. त्या सकाळी मामंजी बातम्या ऐकून नाचतच आत आलं. "सूनबाई! तुझं ऐकलं बग त्येनी! दुसरं यान उतरलंय, त्येनी हातानं धोंडा सरकवला आन् खालची माती काढली!"

"इंचू सापडला का?" जाऊबाई म्हनाली.

"अजून सांगितलं न्हाई."

"कशाला सांगतील? चावला असंल."

जोशीबुवा सोप्यात घोंगडीवर बसलं, पंचांग उघडलं, चष्मा लावला. "हं. मुलीचा जन्म. दिवस कळला. वेळ?"

मी दाराआड, पोरगी माझ्या कडंला, तिनं माझं मंगळसूत्र तोंडात घातलेलं. तिला तवा दोन दात व्हतं, त्या दातांनी ती काळं मनी चावत व्हती.

"वेळ सांगा," जोशीबुवा परत म्हनालं.

आत्याबाई म्हनाल्या, "येळ न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"घड्याळ बंद पडलं व्हतं."

मामंजी ताडकन उठलं. "माझं घड्याळ? माझं घड्याळ रिटायर झाल्यापास्नं एक दिस बंद न्हाई. रोज बातम्यांना लावतोय मी!"

"त्या दिवशी पडलं व्हतं," आत्याबाई म्हनाल्या.

मामंजींनी तोंड उघडलं. आत्याबाईंनी त्येंच्याकडं नुसतं बघितलं. मामंजी खाली बसलं. मिल्ट्रीतला मानूस, पर हुकूम वळकतो.

जोशीबुवांनी चष्मा काढला. त्येंचा आमच्यावर इस्वास बसला न्हाई, ते दिसत व्हतं. "घरात घड्याळ आहे, रेडिओ आहे, हवालदार आहेत, आणि लेकराची वेळ कुणी बघितली नाही?"

"कोन बघनार?" आत्याबाई म्हनाल्या. "मी सुताकडं बघत व्हते."

जोशीबुवांना काय कळलं न्हाई. मला कळलं.

"आईला तरी माहीत असेल," जोशीबुवा म्हनालं, आन् समदे दाराकडं वळलं. मामंजी, जाऊबाई, जोशी. आत्याबाई न्हाई वळल्या. त्या शेंगा फोडत ऱ्हायल्या, पर हात थांबला व्हता.

बानं माझ्यासाठी खोटं सांगितलं तवा मी मान खाली घालून बसले व्हते. त्या खोट्यानं मला दोन वर्सं झोप दिली न्हाई. आता तसलंच माझ्या लेकीसाठी सांगायचं का? पर पोरगी मनी चावत व्हती आन् तिला कुठल्या घरात कोन बसलाय, त्येचा काय पत्त्या न्हवता, आन् मला वाटलं, नसू दे.

"मला सुद न्हवती," मी म्हटलं.

जोशीबुवांनी पंचांग मिटलं. नावावरनं रास सांगितली, दक्षिना घेतली, गेलं. जाताना म्हनालं, लग्नाच्या वेळी अडेल बघा. आत्याबाई म्हनाल्या, "तवाचं तवा बगू. उंदीर हायतीच."

पोरगी आता चार वर्सांची झालीय. मामंजींना अजून कुनी इचारलं, मंगळावर जीव हाय का, तर ते म्हनत्यात, नक्की कोन सांगंना. तात्या अजून म्हनत्यात, त्यो म्हसवडचा माळ हाय. ट्रंकंला मी सूत बांधत न्हाई. तिच्यात हुडकन्यासारखं काय ऱ्हायलंच न्हाई.

पर मला सुद व्हती. सूत हाललं तवा पलीकडच्या सोप्यात रेडिओवर काय चाललं व्हतं, ते मला शब्द न् शब्द पाठ हाय, आन् त्यावरनं येळ काढता येती, मामंजींना तर पळात काढता येईल. ते मी कुनाला सांगितलेलं न्हाई, मालकांना बी न्हाई. हितं बी लिवनार न्हाई. कागद कोन बी उघडतंय.